भिक्षूची चीवरं उतरवून संसारात परतलेले धर्मानंद कोसंबी

१८९९ सालच्या डिसेंबरात सांखवाळमधून एक तरुण घराबाहेर पडला. वय तेवीस. मागे घरात बायको होती आणि मांडीवरची तान्ही मुलगी होती. कुठे जातोय, किती दिवसांसाठी जातोय, हे त्याने कुणाला धडपणे सांगितलं नाही. खरं तर ते त्याला स्वतःलाही पुरतं ठाऊक नव्हतं. बुद्धाचा धर्म शिकायचा, एवढंच ठरलं होतं. तो घरी परत आला १९०६ साली, म्हणजे जवळपास सात वर्षांनी.

हा तरुण म्हणजे धर्मानंद दामोदर कोसंबी. पाली भाषेचे मोठे पंडित, बुद्धचरित्राचे मराठी लेखक, अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात चार वेळा बोलावले गेलेले विद्वान. शाळा-कॉलेजच्या पुस्तकांत त्यांची ओळख अशी एक-दोन ओळींत येते. त्यांचे चिरंजीव दामोदर, म्हणजे गणितज्ञ आणि इतिहासकार डी. डी. कोसंबी, यांच्यामुळेही आडनाव माहीत असतं. पण परदेशी शिकून आलेल्या माणसाने पुन्हा घरी कसं राहायचं, हा प्रश्न धर्मानंदांच्या आयुष्यात जेवढा अवघड होता, तेवढा क्वचित कुणाच्या वाट्याला आला असेल. कारण शिकायला ते नुसते परदेशी गेले नव्हते. शिकता शिकता ते संन्यासी झाले होते.

त्यांचा जन्म ९ ऑक्टोबर १८७६ चा, गोव्यात, आजच्या मुरगाव तालुक्यातल्या सांखवाळचा. तेव्हा राज्य पोर्तुगीजांचं. गावात मराठी शिकायची सोय यथातथाच, आणि धर्मानंदांची तब्येतही नाजूक, त्यामुळे रीतसर शिक्षण फारसं झालंच नाही. घरचं उत्पन्न नारळीच्या बागेवर. मुलगा हाताशी आल्यावर माडांची देखरेख त्याच्याकडे आली. पाडेल्यांकडून नारळ उतरवून घ्यायचे, मोजायचे, विकायचे. त्यातून वेळ मिळेल तसं मराठी वाचन. १८९१ मध्ये, पंधरा पुरी व्हायच्या आधीच, लग्न झालं. पत्नीचं नाव बालाबाई.

बालबोध मेवा नावाचं मुलांचं एक मासिक होतं. त्यात बुद्धावरचा एक लेख त्यांच्या वाचनात आला. लेख लहान मुलांसाठी लिहिलेला, पण तो या माड राखणाऱ्या तरुणाच्या मनात घुसून बसला तो कायमचा. संस्कृत शिकावं, बुद्धाचं मूळ वाचावं, असं वेड डोक्यात शिरलं. आधीही एकदा शिकायला म्हणून ते कोल्हापूरला जाऊन परत आले होते. घर ओढून आणायचं. वडील गेले, आणि मग मुलीचा, माणिकचा, जन्म झाला. आता हा माणूस संसारात रमेल, असं कुणालाही वाटलं असतं. झालं उलटंच. काही महिन्यांत त्यांनी पुण्याची वाट धरली.

पुण्यात त्यांना डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांचा आधार मिळाला. तिथून ग्वाल्हेर, तिथून काशी. काशीत गाठीला पैसा नाही, म्हणून अन्नछत्रात जेवायचं आणि शास्त्र्यांकडे संस्कृत शिकायचं. असं दोन-एक वर्षं काढली. बुद्धाचा धर्म नेपाळात जिवंत असेल या आशेने १९०२ मध्ये ते तिकडे गेले, तर जे पाहिलं त्याने निराश झाले. मग बोधगया आणि तिथून थेट लंका. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांपाशी पाली शिकायला बसले आणि तिथेच श्रामणेर झाले. म्हणजे डोकं मुंडलं, काषाय वस्त्रं अंगावर घेतली, हातात भिक्षापात्र. पुढे ब्रह्मदेशात जाऊन पूर्ण भिक्षू झाले. तिथे ज्ञानतिलोक या जर्मन भिक्षूंचा सहवास मिळाला. ध्यान शिकले. भारतात परतल्यावर बुद्धाशी जोडलेली ठिकाणं पाहत फिरले.

या वर्षांविषयी वाचताना आपण त्यांच्या बरोबर चालत राहतो आणि गोव्यातलं घर विसरतो. पुस्तकांचं असंच असतं. जो प्रवास करतो त्याची गोष्ट होते, जो घरी थांबतो त्याची होत नाही. बालाबाईंची ही सात वर्षं कशी गेली असतील, याचा अंदाज गावाकडच्या माणसाला करता येईल. नवरा जिवंत आहे, म्हणून कुंकू आहे. पण तो संन्यासी झाला आहे, म्हणजे परत येईल याचा भरवसा नाही. पदरात मुलगी. विचारणाऱ्या शेजारणींना काय सांगायचं, हा रोजचा प्रश्न. माणिक चालायला लागली, बोलायला लागली, सात वर्षांची झाली, आणि वडील म्हणजे तिच्यासाठी मोठ्या माणसांच्या बोलण्यातलं एक नाव होतं.

१९०६ मध्ये धर्मानंद कलकत्त्याला आले. बंगालच्या फाळणीनंतरची ही धामधुमीची वर्षं. स्वदेशीच्या चळवळीतून तिथे राष्ट्रीय कॉलेज निघालं होतं. पाली शिकवणारा माणूस हवा होता, आणि पाली मुळातून, भिक्षूंच्या पायाशी बसून शिकलेला हिंदी माणूस त्या काळी शोधून सापडत नसे. हरिनाथ डे यांच्यासारख्या बहुभाषी पंडिताशी त्यांची ओळख झाली. काम हात जोडून समोर उभं होतं. पण भिक्षूला पैशाला हात लावायची मुभा नसते. पगार घ्यायचा तर चीवर उतरवायला हवं, आणि पगार घ्यायचा नसेल तर शिकवण्याच्या कामात बांधून राहणं कठीण.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी. आपल्याकडे संन्यास घेतलेल्याने परत संसारात येणं हे मोठं पाप मानलं गेलं. संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानेश्वरादी भावंडांना काय सोसावं लागलं, ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. बौद्ध परंपरेत मात्र तसं नाही. भिक्षूला मोकळेपणाने चीवर ठेवून घरी जाता येतं, त्यात कलंक नसतो. लंका-ब्रह्मदेशात अशी उदाहरणं नेहमीची. धर्मानंद ज्या परंपरेत शिकले त्या परंपरेच्या दृष्टीने त्यांनी काहीच वावगं केलं नाही. पण ते परत येणार होते सारस्वत ब्राह्मणांच्या घरात, गोव्याच्या खेड्यात. तिथल्या डोळ्यांना हे दोन प्रकार वेगळे कसे दिसावेत?

तरी ते आले. त्यांनी चीवर सोडलं आणि १९०६ च्या पावसाळ्यानंतर गोव्यात पाऊल ठेवलं. घरातून गेला होता तो माड राखणारा, अर्धवट शिकलेला धर्मा. आला तो पालीचा पंडित. बालाबाईंना त्यांनी पुन्हा संसारात साथ दिली, किंवा बरोबर बोलायचं तर, बालाबाईंनी त्यांना परत घरात घेतलं. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १९०७ रोजी, मुलगा झाला. आजोबांचं नाव ठेवलं, दामोदर.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. कलकत्ता विद्यापीठात पालीचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली, पगार वाढून अडीचशे रुपयांपर्यंत जायची बोली होती. त्या काळात अडीचशे म्हणजे काय, तर चांगल्या सरकारी हुद्द्याचा पगार. घर, मुलं, नोकरी, मान, सगळं जुळून आलं होतं.

पण बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी वेगळा प्रस्ताव पुढे केला. महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावी राहावं, बौद्ध धर्माचं ज्ञान मराठी लोकांपर्यंत न्यावं, वर्षाला एक पुस्तक लिहावं. त्यासाठी दरमहा पन्नास रुपये मिळतील. अडीचशे सोडून पन्नास. धर्मानंदांनी पन्नास घेतले. आपलं शिक्षण आपल्या भाषेच्या माणसांच्या उपयोगी पडावं, हा त्यांचा हट्ट होता, आणि त्यातूनच बुद्ध, धर्म आणि संघ हे व्याख्यानांचं पुस्तक १९१० मध्ये आलं. मराठीसाठी हा निर्णय फार मोलाचा ठरला, यात शंका नाही. पण पन्नास रुपयांत घर चालवायचं गणित कुणी सोडवलं असेल, तेही ध्यानात घ्यायला हवं. बाहेर ज्याला त्याग म्हणतात तो घरात डाळ-तांदळाच्या मापात मोजला जातो.

मुंबईत याच काळात हार्वर्डचे प्राध्यापक जेम्स वुड्स यांच्याशी त्यांची ओळख झाली. हार्वर्डमध्ये एक काम अडलेलं होतं. बुद्धघोषाचार्यांचा विसुद्धिमग्ग हा पाली ग्रंथ, पाचव्या शतकातला, बौद्ध साधनेचं जणू सगळं भांडारच. हेन्री क्लार्क वॉरेन नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने त्याची संशोधित आवृत्ती करायला घेतली होती, पण तो १८९९ मध्येच वारला. योगायोग असा की, ज्या वर्षी वॉरेन गेला, त्याच वर्षी धर्मानंद सांखवाळहून निघाले. अर्धं राहिलेलं हे काम त्यांनी पुरं करावं, असं ठरलं. १९१० मध्ये ते बोटीत बसले. दामोदर तेव्हा अवघा तीन वर्षांचा. बालाबाई पुन्हा घरी.

अमेरिकेत काम जोरात झालं, पण शेवट कडवट झाला. प्राध्यापक लॅनमन हे तिथल्या संस्कृत विभागाचे दांडगे गृहस्थ. ग्रंथावर श्रेय कुणाचं, नाव कसं छापायचं, यावरून त्यांच्याशी धर्मानंदांचं जमेना. माणूस मानी. काम तसंच टाकून १९१२ च्या सुरुवातीला ते परत आले. येताना एक नवी गोष्ट घेऊन आले. तिकडच्या मुक्कामात त्यांनी समाजवादाचं बरंच वाचन केलं होतं, आणि गरिबी-श्रीमंतीकडे पाहण्याची त्यांची नजर तेव्हापासून बदलली.

हे दुसरं परतणं मात्र खऱ्या अर्थाने घरी परतणं ठरलं. १९१२ ते १९१८ अशी सहा वर्षं ते पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात पाली शिकवत राहिले. सलग सहा वर्षं, एका गावात, एका नोकरीवर, कुटुंबासह. त्यांच्या आयुष्यात इतका सरळ काळ दुसरा नाही. पु. वि. बापट, चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत हे पुढे नावाला आलेले पालीचे अभ्यासक याच काळात त्यांच्या हाताखाली तयार झाले. मुंबई इलाख्यात पाली हा शिकण्यासारखा विषय आहे, हे मुलांना आणि पालकांना पटलं ते या वर्गांमुळे. घरात मनोरमा आणि कमला या आणखी दोन मुली आल्या.

पुण्याच्या या घराविषयी फार लिहिलं गेलेलं नाही. धर्मानंदांचं निवेदन हे आत्मचरित्र १९२४ मध्ये प्रसिद्ध झालं. साधं, सरळ, स्वतःचं कौतुक न करणारं पुस्तक आहे, मराठीतल्या चांगल्या आत्मचरित्रांत ते मोडतं. पण त्यात रस्ते, विहार, आचार्य, आजारपणं, बोटीची भाडी जेवढी येतात, तेवढं घर येत नाही. त्या पिढीतल्या पुरुषांची तशी रीतच होती. बायकामुलांविषयी चारचौघांत बोलणं हलकं समजत.

१९१८ मध्ये हार्वर्डचं बोलावणं पुन्हा आलं. लॅनमनशी झालेलं सगळं विसरून त्यांनी ते स्वीकारलं, कारण विसुद्धिमग्ग डोक्यातून जात नव्हता. पण या वेळी ते एकटे निघाले नाहीत. माणिक आणि दामोदर यांना त्यांनी बरोबर घेतलं. एकोणिसाव्या वर्षात असलेली मुलगी आणि अकरा वर्षांचा मुलगा. ज्या लेकीला तान्ही टाकून ते घराबाहेर पडले होते, तिला हाताला धरून त्यांनी अमेरिकेला नेलं. मुलीला शिकवायचं म्हटलं तरी पुण्यात भुवया उंचावायच्या, असे ते दिवस. माणिकने रॅडक्लिफ कॉलेजातून पदवी घेतली. दामोदर तिथल्या शाळेत गेला आणि गणितात चमकला.

बालाबाई मागेच राहिल्या, दोन धाकट्या मुलींना घेऊन. नवरा, थोरली लेक आणि एकुलता मुलगा, तिघेही सातासमुद्रापार. पत्र यायला महिना-दीड महिना. १८९९ मध्ये एक माणूस गेला होता, आता तीन गेले. मुलांना मिळालेल्या शिक्षणाची किंमत या घरात कुणी मोजली, हे विचारायला नको.

१९२२ मध्ये धर्मानंद परत आले आणि गांधीजींच्या गुजरात विद्यापीठात अहमदाबादला रुजू झाले. दामोदर मागे राहिला, शाळा पुरी करून १९२४ मध्ये घरी आला, आणि १९२६ मध्ये वडिलांबरोबर पुन्हा हार्वर्डला गेला. म्हणजे घर हे या कुटुंबात पोचायचं ठिकाण कमी आणि मध्ये थांबायचं स्टेशन जास्त झालं होतं. मुलगा १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी वरच्या श्रेणीत मिळवून भारतात परतला आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयात गणित शिकवू लागला. काही वर्षांनी तो पुण्याला आला, त्याच फर्ग्युसन कॉलेजात, जिथे वडिलांनी पाली शिकवली होती. वडिलांना जे फिरून फिरून साधावं लागलं ते मुलाने तुलनेने लवकर केलं. पुण्यात घर केलं आणि तो तिथेच टिकला.

वडील मात्र थांबले नाहीत. १९२९ मध्ये लेनिनग्राडला जाऊन आले. १९३० मध्ये मिठाचा सत्याग्रह पेटला, तेव्हा ते चौपन्नाव्या वर्षात होते. वेंगुर्ले तालुक्यातल्या शिरोड्याच्या मिठागरांवर जो सत्याग्रह झाला, त्यात ते उतरले. शिरोडा म्हणजे गोव्याच्या सीमेला लागून. पोर्तुगीज मुलखात जन्मलेला हा पंडित इंग्रजांच्या मुलखातल्या मिठासाठी तुरुंगात गेला. सिंधुदुर्गात या सत्याग्रहाच्या आठवणी अजून सांगितल्या जातात. त्यात हार्वर्डहून आलेला एक पाली विद्वान होता, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं.

तुरुंगातून सुटल्यावर पुन्हा हार्वर्डची चौथी फेरी झाली आणि १९३२ मध्ये विसुद्धिमग्गाचं काम एकदाचं हातावेगळं झालं. काशीत काही वर्षं गेली. १९३७ मध्ये मुंबईत परळला कामगारवस्तीत त्यांनी बहुजन विहार उभारला. गिरणीकामगार आणि दलित वस्तीतल्या माणसांना बुद्ध समजावा, म्हणून. हिंदी संस्कृति आणि अहिंसा, भगवान बुद्ध ही मोठी पुस्तकं याच उतारवयातली. भगवान बुद्ध या चरित्रात त्यांनी चमत्कार बाजूला ठेवले आणि मूळ पाली ग्रंथांतून दिसणारा माणूस उभा केला. सिद्धार्थ रात्री बायकोमुलाला झोपेत सोडून गुपचूप निघून गेला, ही लोकांच्या तोंडी असलेली कथा त्यांनी जुन्या सुत्तांच्या आधाराने मोडीत काढली. त्या सुत्तांप्रमाणे गोतमाने घर सोडलं ते आईवडील रडत असताना, त्यांच्या डोळ्यांदेखत. हे प्रकरण वाचताना सांखवाळचं घर आठवल्याशिवाय राहत नाही. स्वतः त्यांनी घर सोडलं ते तसं, उघडपणे, सोडलं नव्हतं.

अखेरच्या वर्षांत शरीर थकलं. आता आपल्या हातून काम होत नाही, तर दुसऱ्यांवर भार कशाला, असं त्यांच्या मनाने घेतलं. पार्श्वनाथांच्या चातुर्याम धर्माचा त्यांच्यावर खोल परिणाम होता. त्यांनी अन्न सोडायला सुरुवात केली. गांधीजींनी समजूत घालून एकदा परावृत्त केलं, पण ते फार दिवस टिकलं नाही. ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम आश्रमात त्यांचा अंत झाला. स्वातंत्र्य अवघ्या सव्वादोन महिन्यांवर आलं होतं. पालीच्या अभ्यासासाठी इथल्या मुलांना लंकेला पाठवावं, अशी त्यांची इच्छा होती. म्हणजे जिथे ते स्वतः घरचं पाश तोडून गेले, तिथे पुढच्या मुलांनी कुणीतरी पाठवल्यामुळे जावं.

विसुद्धिमग्गाची हार्वर्डची आवृत्ती १९५० मध्ये बाहेर पडली. मुखपृष्ठावर वॉरेनचं नाव संपादक म्हणून आणि धर्मानंद कोसंबींचं नाव संशोधक म्हणून आलं. १९१० मध्ये तीन वर्षांच्या दामोदरला घरी ठेवून जे काम सुरू झालं, ते छापून आलं तेव्हा दामोदर त्रेचाळिशीला आला होता, त्याला मुली होत्या. त्यांतली धाकटी, मीरा, समाजशास्त्राची अभ्यासक झाली. आजोबांच्या निवेदनाचा इंग्रजी अनुवाद तिनेच केला.